साडेबाराचं लग्न

एप्रिल लागला की माझं डोकं तापतं. ऊन त्यात नंतर येऊन भर घालतं. क्रांती चौकातून स्कूटर काढताना रिक्षांच्या पाठीवर लॉन्सच्या जाहिराती दिसायला लागतात, बँडवाल्यांचे लाल कोट इस्त्रीच्या टपरीत लटकायला लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. पुंडलिकनगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग हा मुख्य धंदा; पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर वर्ष निघत नाही. फोनवरचा माणूस आधी तारीख सांगतो. मी वेळ विचारतो. "साडेबारा," तो म्हणतो. दुपारचे साडेबारा, मे महिन्यातले. मी काम घेतो, कारण घ्यावंच लागतं, आणि फोन ठेवल्यावर एकटाच बसून शिव्या देतो.

हे साडेबाराचं खूळ कुणी काढलं, ते मला अजून सापडलेलं नाही. ज्यांच्यात मुहूर्त बघतात त्यांना निदान गुरुजींकडं बोट दाखवता येतं. आमच्यात तर तीही सोय नाही. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांच्या पिढीनं पंचांग जे बाजूला सारलं ते कायमचं. गुरूचं बळ, शनीची दृष्टी, गुण जुळणं, सगळ्यातून आम्ही मोकळे झालो. आमचं लग्न सकाळी लागू शकतं, संध्याकाळी लागू शकतं, पौषात लागू शकतं. अडवणारं कुणी नाही. एवढी मोठी मोकळीक, आणि ती काही कुणी फुकट दिलेली नव्हती. तिचं आम्ही काय केलं? बरोबर मे महिन्यात, बरोबर साडेबाराला, तापलेल्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिलो. याचा मला संताप येतो. परक्यांवर असा संताप येत नाही, आपल्याच माणसांवर येतो.

बरं, साडेबारा म्हणजे साडेबारा असते तरी एक वेळ चाललं असतं. वरात निघालेली असते, पण पोचत नाही. डीजेची गाडी मुंगीच्या पावलानं येते, पुढं नवरदेवाचे मित्र नाचत असतात, आणि त्यांना थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वधूपक्षाची माणसं गेटवर ताटकळत असतात. म्हातारी माणसं खुर्च्या ओढत ओढत सावलीच्या मागं सरकतात. मी वर्षानुवर्षं हे कॅमेऱ्यातून बघत आलो. चेहरे लाल झालेले, ओठ सुकलेले, आणि कॅमेरा वळला की सगळे हसतात. लग्नाच्या व्हिडिओत कुणाला ऊन लागलेलं दिसत नाही, ही माझ्या धंद्याची करामत आहे.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे, माझ्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याचा कशावरच विश्वास नाही. वेधशाळेनं पाऊस सांगितला की हा मुद्दाम छत्री घरी ठेवून निघतो. डॉक्टरनं साखर सोडायला सांगितली की माझ्या स्टुडिओत येऊन डबल साखरेचा चहा मागवतो. लहानपणी त्याची आई गेली, तेव्हापासून त्याला थोरल्या बहिणीनं वाढवलं. कमलअक्का. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. बिडकीनला दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायची आणि अंगणवाडीत मदतनीस होती. मिलिंदची लेक सुजाता हीच तिची लेक. त्या सुजाताचं लग्न मागच्या वर्षी मे महिन्यात ठरलं, बिडकीन रस्त्यावरच्या एका लॉनवर. वेळ अर्थातच साडेबारा.

ती वेळ ऐकून मी धसकलो त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात अक्का अंगणवाडीतून घरी येताना रस्त्यात पडली होती. ऊन लागलं होतं. दोन दिवस सलाईनवर होती, आणि डॉक्टरनं मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. मी तिथंच उभा होतो, मी ऐकलं. त्यामुळं सुजाताच्या लग्नाची वेळ कळल्याबरोबर मी ठरवलं की मिलिंदला काहीही करून ती बदलायला लावायची. संध्याकाळी ठेव, सकाळी ठेव, पण दुपार नको. सरळ सांगितलं तर तो ऐकणाऱ्यातला नाही. म्हणून मी आडवळण घेतलं.

माझ्या भाच्यानं पेनड्राइव्हवर एक डॉक्युमेंटरी आणून दिली होती. पृथ्वी कशी तापतेय, पुढं काय होणार, असली. हिंदीत डब केलेली. स्टुडिओत मोठा टीव्ही आहे, गिऱ्हाइकाला अल्बम दाखवायला ठेवलेला. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी मिलिंदला बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं, कूलर लावला. तो खारे दाणे घेऊन आला आणि सोफ्यावर मांडी घालून बसला. सिनेमा लावतोय असंच त्याला वाटलं होतं.

सुरुवातीलाच बर्फ. नुसता बर्फ. मोठमोठे कडे समुद्रात कोसळत होते आणि एक भारदस्त आवाज आपण सगळे कसे संपणार ते सांगत होता.

"बर्फ हाय, वितळणारच," मिलिंद म्हणाला. "त्यात काय एवढं गळा काढायचं?"

मग एक पांढरं अस्वल आलं. हाडकुळं, बर्फाच्या तुकड्यावर एकटंच. आवाज आणखी भारदस्त झाला.

"ह्या अस्वलाचं अन् आपलं काय नातं हाय, ते सांग मला," मिलिंदनं दाणे तोंडात टाकले. "पुंडलिकनगरात कुत्रे उन्हानं नालीत बसायलेत, त्यांचा पिक्चर काढ म्हणावं."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. कारण तो चुकीचं बोलत नव्हता. ती डॉक्युमेंटरी ज्यांनी बनवली त्यांना आम्ही दिसतच नव्हतो. मिलिंद पुढं म्हणाला, "बाहेरच्या देशांनी धूर करून घेतला, बंगले बांधून घेतले. अन् आता मला सांगायलेत, गाडी कमी चालव. माझी गाडी चालती का, ते बी विचारलं नाय." हेही खरंच होतं. त्याच्या दहा शंकांतल्या निम्म्या तरी रास्त असतात. राग येतो तो उरलेल्या निम्म्यांचा, कारण त्या तो रास्त शंकांच्या पदराआड लपवून आणतो.

शेवटी एकदाचा भारत आला. भेगाळलेली जमीन, बासरी, आणि कपाळाला हात लावून आभाळाकडं बघणारा एक माणूस. मिलिंद खदखदून हसला. "आला बघ आपला माणूस. ह्याला दुसरं काम नाय, नेहमी वरच बघत असतो." मी टीव्हीकडं बघत राहिलो. त्यात कुठं पत्र्याचा मांडव नव्हता. डीजे नव्हता. कुणाच्या आत्याला भर दुपारी गेटवर उभं केलेलं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी मी हा सगळा घाट घातला होता, तिचा त्या फिल्ममध्ये पत्ताच नव्हता, आणि मला तो आवाज, ते अस्वल, ती बासरी सगळं उचलून फेकून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही बंद, कूलर बंद. पाचेक मिनिटांत स्टुडिओची भट्टी झाली. मिलिंदनं शर्टाची बटणं काढली.

"आत्ता कसं वाटतंय?" मी म्हणालो.

"कसं म्हंजे? गरम व्हायलंय. मार्चमधी गरमच व्हतं."

"मग मेमध्ये, साडेबाराला, लॉनवर काय होईल?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दाण्यांचा पुडा त्यानं खाली ठेवला. "अच्छा. तू मला हे त्याच्यासाठी दाखवायलास व्हय."

"लग्न संध्याकाळी ठेव, मिलिंद. अक्काला सोसायचं नाही."

"अक्काला काय होत नाय. लोखंड हाय ती."

"लोखंडच आधी तापतं."

"हे बघ राजू," त्याचा आवाज चढला, "ऊन काल आलं का? आपण शाळेत अनवाणी जायचो, डांबर पायाला चिकटायचं. माझ्या लग्नात बी मे महिनाच होता, तू नाचला होतास. तवा काही झालं नाय. हे तापमान-बिपमान सगळं एसीवाल्यांचं खूळ. आधी भ्या दाखवायचं, मग मशीन विकायचं."

"तिला सलाईन लावलं होतं ते पण एसीवाल्यांनी लावलं का?"

तो उठला, शटरखालून वाकून निघून गेला. पुढं दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं. मग त्यानंच पत्रिका आणून टेबलावर ठेवली. वेळ तीच होती. शूटिंगचं काम मलाच, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मिलिंद ऐकत नाही म्हटल्यावर मी अक्कालाच गाठायचं ठरवलं. लग्नाच्या आधी एका सकाळी बिडकीनला गेलो. तो रस्ता आता बघवत नाही. कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, रस्ते एवढे रुंद केले की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि रुंद करताना कडेची झाडं गेली. त्याबदल्यात लोखंडी जाळ्यांमध्ये रोपं लावली. जाळ्या ठणठणीत आहेत, रंगही ताजा आहे, आत वाळलेली काडी. ज्यांनी ती लावली त्यांचे फोटोही निघाले असणार. फोटो काढणारा माझ्यासारखाच कुणी पोटार्थी असेल, त्याला काय बोलायचं.

अक्का दारात बसून ज्वारी निवडत होती. सकाळच्या दहालाच डोक्यावरचा पत्रा करकरत होता. तिनं मला माठातलं पाणी दिलं आणि आधीच बजावलं, "कॅमेऱ्यात मला काळी दाखवू नको बरं का. मागं संगीताच्या बहिणीच्या लग्नात तू मला कोळसा केलतास." संगीता म्हणजे मिलिंदची बायको. मी म्हणालो, "अक्का, तू सावलीत बसलीस तरच गोरी येशील." ती हसली. मग मी मुद्द्यावर आलो. गेटवर उभी राहू नकोस, आत खोलीत बस, आणि मुख्य म्हणजे सकाळी जेवून घे, पाणी पीत राहा. कारण मला ठाऊक होतं की ती लग्न लागेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही. आमच्याकडं जुन्या बायकांची ही रीत आहे. पोरीचं लग्न लागेपर्यंत घरची थोरली बाई उपाशी राहते.

"अक्का," मी म्हणालो, "चतुर्थी सोडली, एकादशी सोडली, सगळे उपास सोडले ना आपण. मग हाच का धरून ठेवला?"

तिनं सूप खाली ठेवलं. "ते देवासाठी होते, ते सोडले," ती म्हणाली. "हे पोरीसाठी हाय."

मी उठलो. निघताना तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "उन्हाचं नको सांगू मला. ऊन अन् मी एकाच घरात राहतो."

लग्नाच्या दिवशी लॉनवर पोचलो तेव्हा पहिला पाय ठेवला तिथंच चटका बसला. लॉन म्हणजे हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा गालिचा, तो तव्यासारखा तापलेला. वर पत्र्याची शेड. कडेला ओळीनं मोठे कूलर घरघरत होते आणि गरम हवा फेकत होते. मंडपवाले अजीमभाई घाम पुसत म्हणाले, "टँकर आयाच नै भाई. कूलर में पानी नै, खाली हवा मार रे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हमारे में तो आजकल सब रात को रखते. मैंने इनको बोला था." मी मान डोलावली. मीही बोललोच होतो.

मंचावर प्रतिमांपुढं मेणबत्त्या उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या पेटवायच्या आधीच वाकल्या. कुणीतरी सरळ केल्या, त्या पुन्हा वाकल्या. बौद्धाचार्य पंख्यापुढं खुर्ची ओढून बसले होते आणि दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत होते. एक वाजून गेला. रस्त्यावर डीजेचा दणका ऐकू येत होता, गाडी मात्र दिसत नव्हती. वरपक्षाची वडीलधारी मंडळी गाड्यांमध्ये एसी लावून बसली होती, असं सांगत एकजण आला. वधूपक्षाकडची माणसं मात्र उभी होती, कारण पाहुणे केव्हाही येतील आणि तेव्हा आपण बसलेलो दिसायला नको. हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय? कुठल्याच नाही. पण पाळतात सगळे, आणि न पाळणाऱ्याला नावं ठेवतात.

माझा कॅमेरा बंद पडला. पडद्यावर लाल खूण आली की फार तापलोय, आता चालणार नाही. चांगल्या कॅमेऱ्यात ही सोय असते. तो सांगतो आणि थांबतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. मी त्याच्याभोवती ओला रुमाल गुंडाळला आणि गेटकडं गेलो. तिथं अक्का उभी होती. पांढरं लुगडं, हातात स्टीलची परात, परातीत गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. कुणीतरी तिच्या हातात प्यायला पाण्याची बाटली दिली होती, आणि ती परात कमरेला टेकवून त्या बाटलीतलं पाणी पाकळ्यांवर शिंपडत होती. एकेक थेंब. फुलं ताजी राहावीत म्हणून.

"अक्का, चल आत. पाणी पी थोडं."

"वरात आली की येते. जा तू, पोरीचे फोटो काढ."

मी तिच्या हातातली परात घ्यायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. मी मिलिंदला शोधून आणलं. तो तिच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणाला, तिनं त्यालाही हुसकलं. तो माझ्याकडं न बघता आत निघून गेला. मग वरात आली. अक्कानं पाहुण्यांवर फुलं टाकली, नवरदेवाच्या आईला हाताला धरून आत नेलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घालून झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा चालू केला होता. भिंगातून मला दिसलं की अक्काचा चेहरा कोरडा आहे. त्या गर्दीत घामानं निथळला नव्हता असा तो एकटाच चेहरा. मी कॅमेरा सोडून तिच्याकडं निघालो. मी जवळ गेल्यावर ती म्हणाली, "राजू, एवढ्या लवकर संध्याकाळ कशी काय झाली रे?"

मग ती बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली.

कुणाच्या तरी गाडीतून तिला शहरात आणलं. डोकं माझ्या मांडीवर होतं, अंग असं तापलेलं की माझ्या पॅन्टमधून चटका लागत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का गेली.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. ती गेल्यावर जे बोलणं सुरू झालं त्याचा. बीपी होता ना तिला. अटॅक आला. सकाळपासून उपाशी होती, पित्त चढलं. वय झालं होतं. दगदग फार केली. एक बाई तर म्हणाली की लेकीचं सुख बघितलं, आनंद सहन झाला नाही. आनंद! मी तिथून उठून बाहेर गेलो, नाहीतर तोंडून वाईट शब्द गेला असता. ऊन सोडून सगळ्यांची नावं घेतली लोकांनी. बिचारीच्या पित्ताचं नाव घेतलं, आनंदाचं घेतलं. तिच्या अंगावर हात ठेवलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण डोळ्यांवर कातडं ओढायचं म्हटलं की सगळ्यांचं एकमत होतं. आणि सगळ्यांत पुढं मिलिंद. भेटायला येईल त्याला तो सांगत होता, "अटॅक आला." माझ्या देखत. मी त्याच्या घरी जाणं सोडलं.

जूनमध्ये एकदा तोच स्टुडिओत आला. बसला नाही, काउंटरला टेकून उभा राहिला. बाहेर नुसतं आभाळ भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं, असे ते दिवस होते.

"तुला वाटतं मला कळत नव्हतं," तो म्हणाला.

मी अल्बमची पानं लावत राहिलो.

"पोरीचा बाप होतो मी, राजू. त्यांनी साडेबारा म्हणलं. मी फोन कितीदा हातात घेतला. काय सांगू? माझ्या बहिणीला ऊन सोसत नाय, तुमची वरात लवकर आणा? पोरगी त्यांच्या घरात जायची होती. लग्नाआधीच बापानं अट घातली म्हणून तिला आयुष्यभर ऐकवलं असतं."

"मग तसं म्हणायचं होतंस ना मला. ऊन खोटं हाय, एसीवाल्यांचं खूळ हाय, असं का म्हणालास?"

त्यानं काउंटरवरचा एक फोटो उचलला आणि उलटा करून ठेवला. "ते म्हणणं सोपं होतं," तो म्हणाला.

मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. शंका घेणारी माणसं अडाणी असतात, त्यांना चार आकडे दाखवले, बर्फ दाखवला की ती सुधारतात, असं त्या डॉक्युमेंटरीवाल्यांना वाटत असावं. मलाही वाटलं होतं. पण मिलिंदला समजावण्यासारखं काही नव्हतंच, त्याला सगळं समजत होतं. सगळी पृथ्वी तापतेय हे नाकारणं त्याला जमत होतं, पाहुण्यांना एक फोन लावणं जमत नव्हतं. पृथ्वी काही रुसून बसत नाही. पाहुणे बसतात. आमच्याकडं मुलीचा बाप उन्हाला भीत नाही, कारण त्याची भीती आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहिलेली असते. याला मी काय म्हणू? डरपोक म्हणायला जीभ उचलत नाही, आणि माफ करायला मन तयार होत नाही.

"अन् आता?" मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. "आता लोकांना अटॅक का सांगतोस?"

"सुजाताला कळंल ना," तो म्हणाला. "की आत्या तिच्या लग्नाच्या उन्हानं गेली. ती कशी जगंल?"

तेव्हापासून आमचं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं, पण राग काही गेला नाही. तो आता कुणा एकावर उरला नाही, एवढंच. उन्हासारखा सगळीकडं पसरला आहे. कुणी लॉनवाला बुकिंग करताना 'दुपारचं स्वस्त पडंल' म्हणतो तेव्हा येतो. पत्रिकेत 'वेळेवर उपस्थित राहावे' वाचलं की येतो. वाळलेल्या काडीची लोखंडी जाळी दिसली की येतो.

यंदा मिलिंदच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. अनिकेतचं. मुलगी सिल्लोडकडची. परवा सकाळी मिलिंद स्टुडिओत चहाला आला होता, तेव्हा मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्याच्या हातात चहाचा कप होता, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून मोबाईल काउंटरवर ठेवला. मुलीचे वडील फार अदबीनं बोलत होते. तो आवाज मी ओळखला. मागच्या वर्षी मिलिंद फोनवर असाच बोलायचा.

"पाहुणे, तारीख तर ठरली," ते म्हणाले. "वेळ तुम्ही सांगाल ती. साडेबारा लिहू का?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. आता हा वरपक्ष होता. आता याला कुणी रुसण्याची भीती नव्हती, याच्याच रुसण्याला समोरचा माणूस भीत होता. हा काय म्हणतो याची मला खात्री वाटत नव्हती, आणि खात्री वाटत नाही याचाच राग येत होता.

"सकाळी आठला लावू," मिलिंद म्हणाला. "वरात नाय आणत आम्ही. सरळ येतो."

पलीकडं गडबड झाली. "आठला? पाहुणे, आमचं काही चुकलं का?"

"काही नाय चुकलं."

"नाय, लोकं विचारतील ना. वरात नाय, एवढ्या सकाळी लगीन, काहून म्हणून. आम्ही काय सांगायचं?"

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मग मोबाईलकडं बघत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल, कंपनीची शिफ्ट वगैरे.

"मागल्या साली माझी बहीण उन्हानं गेली," तो म्हणाला. "माझ्या पोरीच्या लग्नात."

वर्षभरात हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तेही एका परक्या माणसाशी बोलताना. फोन कट झाला असं समजून मिलिंदनं हात पुढं केला, तेवढ्यात ते बोलले.

"आमचा थोरला भाऊ बी उन्हानंच गेला, पाहुणे," ते म्हणाले. "आम्ही लोकाला अटॅक म्हणून सांगतो."